पंधरा पावलांवरून

आधीच सांगून ठेवते, मी हे शांतपणे सांगणार नाही. तीस वर्षं पालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलाय, त्यामुळे आवाज चढायचा तिथे चढतोच. आणि गेल्या फेब्रुवारीत खडकवासल्याच्या चौपाटीवर माझ्या नवऱ्याचं लोकांनी जे केलं, ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सोसायटीतल्या बायका म्हणतात, "विजयमालाताई, सोडून द्या आता." का म्हणून सोडू? तुमच्या घरातल्या माणसाला चाळीस-पन्नास जणांनी घेरून मुलं पळवणारा ठरवलं असतं, तर तुम्ही सोडलं असतं का?

हे म्हणजे माझे यजमान, बाळ गेनबा ओव्हाळ. वय सहासष्ट. आता बाळ हे काही लाडाचं नाव नव्हे. शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत सगळीकडे बाळच. माझे सासू-सासरे मांजरीला उसाच्या फडात राबायचे. यांच्या आधीची तीन मुलं गेली. त्यामुळे हे झाल्यावर सासूबाईंनी धास्तीने नावच ठेवलं नाही, जगलं तर बघू म्हणाल्या, आणि नुसतं बाळ-बाळ करत राहिल्या. हे जगले. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी नाव विचारलं, सासूबाईंनी सवयीने बाळ सांगितलं, आणि गुरुजींनी ते लिहून टाकलं. झालं नामकरण.

खडकीच्या कारखान्यात अडतीस वर्षं लेथवर काम केलं यांनी. उजव्या हातावर तापलेल्या लोखंडाच्या किसाने भाजल्याचे डाग अजून आहेत. बोलणं अगदी मोजकं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर, एक शब्द वर नाही. जेवणार का विचारलं तर हो म्हणतील, पण भूक लागली म्हणून आपणहून सांगतील तर शपथ! लग्न झाल्यावर मला वाटलं होतं नवा नवरा लाजतोय. चाळीस वर्षं झाली, अजून लाजतोच आहे.

यांचा पहिला फोटो बाविसाव्या वर्षीचा, कारखान्याच्या गेटपाससाठी काढलेला. त्याच्या आधीचा एकही नाही. एकदा मी सहज विचारलं, लहानपणी तुम्ही दिसायचात कसे हो? तर म्हणाले, "मला काय माहीत? मी कुठे बघितलंय मला?" मी हसले होते तेव्हा. पण हे हसले नव्हते.

निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांनी नात झाली, मैत्री. आमचा मुलगा अभय आणि सून चैताली, दोघंही आयटीत, आम्ही सगळे धायरीला एकाच फ्लॅटमध्ये राहतो. मैत्री रांगायला लागली तसा यांनी एक जुना कॅमेरा मिळवला, हातभर लेन्सचा. आणि घरात जाहीर केलं की दर रविवारी मुलीला घेऊन बाहेर पडायचं. कधी टेकडी, कधी बाग, कधी नदीकाठ, कधी धरण. दर रविवारचा एक फोटो निवडायचा, कागदावर काढून वहीत चिकटवायचा आणि ती वही मैत्री मोठी झाली की तिच्या हातात द्यायची. मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? तेव्हा म्हणाले, "आपल्याकडे कोणी बघत नसताना आपण कसे होतो, ते तिला कळलं पाहिजे." एवढं लांब वाक्य हे आयुष्यात एकदाच बोलले असतील.

यांची फोटो काढायची रीत मात्र जगावेगळी. 'हस' म्हणायचं नाही. 'इकडे बघ' म्हणायचं नाही. मूल खेळात रमलं की पंधरा पावलं लांब जायचं, अगदी मोजून, आणि कशाच्या तरी आडोशाला जमिनीवर फतकल मारून बसायचं. ओळख दाखवायची नाही. पंधरा पावलांच्या आत मूल आपल्यासाठी हसतं, असं यांचं म्हणणं. मातीत बसायचं म्हणून जुना हाफशर्ट आणि रबरी चपला. मी चांगला शर्ट काढून ठेवला की तो तसाच हँगरला.

चैताली म्हणायची, "बाबा, याला कँडिड म्हणतात." कँडिड म्हणजे न सांगता काढलेला, एवढं मलाही ठाऊक होतं, कारण आमच्या सोसायटीत त्याची साथच आलीय. खालच्या मजल्यावरची एक आई पोराला बागेत ओरडत असते, "कॅमेऱ्याकडे बघू नकोस म्हटलं ना! कँडिड काढतेय मी! चल, परत मागून पळत ये आणि आता नॅचरल हस!" ते पोर बिचारं सातव्यांदा नॅचरल हसत असतं. असल्या बाईकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही हं. बघतात ते आमच्या यांच्याकडे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मैत्री यांना आजोबा म्हणायची नाही. बाळ म्हणायची. सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, शेवटपर्यंत आमच्याकडेच होत्या. दिवसभर खाटेवरून हाक, "बाळ, पाणी दे रे. बाळ, चष्मा कुठाय?" पोरीने तेच उचललं. आजोबा म्हणजे तिच्या लेखी चैतालीचे वडील, शनिवार पेठेत राहणारे. मी तिला शंभरदा सांगितलं, अगं, हेही आजोबाच. पण यांनीच मला गप्प केलं. "राहू दे. आई गेल्यापासून मला बाळ म्हणणारं दुसरं कोण आहे?"

तर तो रविवार. चारचा सुमार. धरणाच्या भिंतीअलीकडे गाड्यांची ही गर्दी, कणसं, भजी, भेळ, फुगे. ट्रॅफिकवाला शिट्ट्या मारायला लागला म्हणून अभय गाडी लांब लावायला गेला. चैताली आणि मी रस्त्यापलीकडे स्वच्छतागृहाच्या रांगेत. मैत्री पाण्यापासून चांगली लांब, कोरड्या मातीत बसून आपल्या सँडलमध्ये खडे भरत होती आणि सँडललाच दटावत होती, "सगळं संपवायचं हं, ताटात टाकायचं नाही." हुबेहूब माझा आवाज. आणि हे पंधरा पावलांवर, आमच्या नेहमीच्या कणीसवाल्या चंपाच्या गाडीआड, डोळ्याला कॅमेरा लावून.

पुढचं मी थोडं चंपाकडून ऐकलं, थोडं यांच्याकडून, तेही एकेक शब्द खोदून काढून.

एका गॉगलवाल्या बाईला तीन-साडेतीन वर्षांची मुलगी एकटी दिसली. तिथवर ठीक आहे, बाई, तू बघितलंस, चांगलं केलंस. मग तिला गाडीआडचा लेन्स दिसला. तिने आपल्या नवऱ्याला खुणावलं. ट्रॅकपँट घातलेला आडदांड माणूस, तो तरातरा यांच्याकडे आला, "ओ काका, काय चाललंय?"

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, नातीचा फोटो काढतोय. आमच्या यांनी काय करावं? फोटो बिघडेल म्हणून डोळ्यावरचा कॅमेराही हलवला नाही. नुसता हात वर केला आणि म्हणाले, "श्श्, हळू बोला. तिला कळेल."

तिला कळेल! बोंबला! याहून वाईट दोन शब्द त्या क्षणी शोधूनही सापडले नसते. झालं, त्याने आरडाओरडा करून माणसं गोळा केली.

"नाव काय?" "बाळ." "आम्हाला बनवतोस काय? खरं नाव सांग." "बाळ." "आडनाव?" "ओव्हाळ." आडनाव ऐकल्यावर दोघा-तिघांनी एकमेकांकडे कसं बघितलं, ते मला हे सांगत नाहीत, पण चंपाने सांगितलं आणि मला ते सांगावंही लागत नाही. "कुठले?" "मांजरीचे." "राहायला?" "धायरीला." "आत्ता मांजरी म्हणाला, लगेच धायरी!" अहो, गाव विचारलं की माणूस गाव सांगतो आणि घर विचारलं की घर! पुण्यात जन्म काढलेल्या लोकांना एवढंही कळू नये?

"ही तुमची कोण?" "नात." मग त्या सगळ्यांनी पोरीकडे बघितलं आणि यांच्याकडे बघितलं. मैत्री चैतालीवर गेलीय, गोरीपान. हे काळेसावळे, सुकलेले, मातीने भरलेले. एकजण सरळ म्हणाला, "ही याची नात? बघा तरी!"

गॉगलवाली मैत्रीजवळ उकिडवी बसली. "हे कोण गं तुझे?" मैत्री म्हणाली, "बाळ." "अगं, बाळ तर तू. हे कोण?" मैत्रीला वाटलं खेळ चाललाय. ती खिदळत म्हणाली, "बाळ! बाळ!" "आजोबा आहेत का तुझे?" मैत्रीने मान हलवली. "नाही. आजोबा शनिवारात असतात."

मी त्या बाईला दोष देत नाही, असं म्हणायला मी काही संत नाही. देतेच. पण पोरीच्या तोंडून ते उत्तर आल्यावर यांच्यासाठी सगळ्याच वाटा बंद झाल्या, हेही खरं.

कोणीतरी कॅमेरा हिसकावला. आतले फोटो बघितले. पाच रविवारचे होते, महिन्याचे एकदम कागदावर काढून आणतात हे. टेकडीवर मैत्री, बागेत मैत्री, नदीकाठी मैत्री. ट्रॅकपँटवाला ओरडला, "बघा, एकाही फोटोत पोरगी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये! महिनाभर पाळत ठेवून आहे हा!" ज्या गोष्टीसाठी हा माणूस पाच रविवार मातीत बसला, तीच याच्यावर पुरावा म्हणून उगारली. कॉलर धरली. शर्टाचं बटण तुटलं, चष्मा खाली पडला. कोणीतरी सगळे फोटो पुसून टाकले, वर अभिमानाने सांगितलं, "डिलीट केले." गॉगलवालीने मैत्रीला उचलून लांब नेलं, तशी ती किंचाळायला लागली. "घाबरू नकोस हं, आम्ही आहोत ना!" अगं बाई, तुम्ही आहात म्हणूनच ती घाबरली होती!

चंपा एकटी बोंबलत होती, "आवं, नात हाय त्येंची! दर म्हैन्याला येत्यात हितं, माझ्याकडचं कनीस घेत्यात!" तिचं कोण ऐकणार? कोणी म्हणालं, ही पण सामील असेल. तेव्हा ती शेगडी तशीच टाकून रस्ता ओलांडून माझ्याकडे धावत आली. "बाई, चला बिगीबिगी, तुमच्या मालकाला धरलंय लोकांनी!"

मी कशी पोचले मला आठवत नाही. एवढं आठवतं की गर्दीच्या मध्ये हे उभे होते, हात जोडून. माझा नवरा. हात जोडून! मी ओरडले, "सोडा त्यांना! मी त्यांची बायको आहे!" तर ट्रॅकपँटवाला मला विचारतो, "कशावरून?" मी त्याला म्हटलं, "मंगळसूत्राला पावती नसते हो, माझ्याकडे नाहीये." तरी कॉलर सुटली नाही. "आयडी आहे का?" आयडी गाडीत, गाडी अभयकडे, अभय कुठे कोण जाणे.

तेवढ्यात चैताली आली. जीन्स, खांद्याला कंपनीच्या लॅपटॉपची बॅग. तिने एकच वाक्य फेकलं, "एक्सक्यूज मी, ही इज माय फादर-इन-लॉ!" आणि कॉलर सुटली. लगेच! ना तिला आयडी विचारलं, ना कशावरून विचारलं. मी सांगितलं तर कशावरून, आणि तिने सांगितलं तर सॉरी मॅडम. चैतालीच्या ते लगेच लक्षात आलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या सासूबाईंनी हेच सांगितलं होतं ना आत्ता? मराठीतून कळलं नाही का?" तेवढ्यासाठी त्या पोरीला मी जन्मभर काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण मनावर घेणार नाही.

मग गर्दी कशी पांगली म्हणता! आत्ता होती आणि आत्ता नाही. ट्रॅकपँटवाल्याने चष्मा उचलून दिला. "सॉरी काका, पण आजकाल काही सांगता येत नाही ना. मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे." त्या 'पण'ने माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी म्हटलं, "नुसतं सॉरी म्हणता येत नाही का तुम्हाला? पहिलीच्या मुलांना येतं!" तो निघून गेला. हवालदार आला, त्याने नीट विचारलं, तक्रार द्यायची का? हे म्हणाले, "नको. पोरीला घरी नेऊ."

आणि स्वतःवरचा राग मी कुठे काढू? पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, मुलं पळवणारी टोळी फिरतेय, म्हातारे लोक असतात, फोटो काढून नेतात, सावध राहा. खरा की खोटा, कोणी बघितलं? मी बघितलं नाही. मी तो शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना आणि माहेरच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता. खाली हात जोडल्याचं चित्रसुद्धा टाकलं होतं. यांना ते माहीत आहे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांत अभयने कुठलंसं सॉफ्टवेअर लावून पुसलेले फोटो परत आणले. सगळ्यांना हायसं वाटलं. नातेवाईक फोनवर म्हणायला लागले, "फोटो मिळाले ना? मग झालं तर!" एकजण तर म्हणाला, "बाळभाऊंनी कपडे जरा नीट घालायला हवे होते." म्हणजे चूक शर्टाची! मी फोन ठेवून दिला. हे फोटो बघायलाही उठले नाहीत. कॅमेरा कपाटावर गेला आणि दोन रविवार आम्ही घरीच टीव्ही बघत बसलो.

इकडे अभय-चैतालीने ठरवलं की मैत्रीला सगळं पाठ करून घ्यायचं. पुन्हा असं झालं तर? शिकवायचं काम माझ्याकडे आलं, मी मास्तरीण ना. मीच घोकून घेतलं. हे माझे आजोबा आहेत. यांचं नाव बाळ गेनबा ओव्हाळ. माझ्या आईचा नंबर अमुक. पोरगी हुशार, चार दिवसांत तयार. आणि तेव्हापासून तिने यांना बाळ म्हणणं बंद केलं. आजोबा, पाणी. आजोबा, गोष्ट. शंभरदा सांगून मला जे जमलं नव्हतं, ते त्या लोकांनी एका दुपारीत करून दाखवलं. पहिल्यांदा ती आजोबा म्हणाली तेव्हा हे "ओ" म्हणाले खरं, पण जरा उशिराने, ती दुसऱ्या कोणाला तरी हाक मारतेय असं वाटल्यासारखे.

तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं, बास! आपण काय चोर आहोत का घरात बसायला? चला. तिथेच चला. कॅमेरा मी माझ्या पिशवीत घातला. यांनी मुकाट्याने मी काढून ठेवलेला इस्त्रीचा शर्ट घातला. ते बघूनही माझ्या जिवाची तडफड झाली, काय सांगू.

चौपाटीवर हे मैत्रीचा हात घट्ट धरून चालत होते. फुगे घेणाऱ्या एका बाईने कौतुकाने मैत्रीला विचारलं, "कोणाबरोबर आलीस गं?" अगदी साधं विचारलं हो. मैत्री एकदम ताठ उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना चिकटवले आणि घडाघडा म्हणायला लागली, "हे माझे आजोबा आहेत. यांचं नाव बाळ गेनबा ओव्हाळ. माझ्या आईचा नंबर..." ती बाई म्हणाली, "अय्या, किती शहाणी!" यांनी खाली मान घातली.

मी कॅमेरा काढून यांच्या हातात कोंबला. "काढा फोटो." म्हणाले, "कोणी काही बोललं तर?" मी म्हटलं, "मी उभी आहे ना इथे. बोलू दे कोणाला बोलायचंय ते!" आणि खरंच उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघत.

मैत्री मातीत बसली होती, हातात काठी घेऊन. हे पंधरा पावलं मोजून गेले. त्यांच्याबरोबर पंधरा पावलं मीही गेले. इस्त्रीचा शर्ट न बघता खाली बसले, कॅमेरा डोळ्याला लावला. मैत्री मान खाली घालून मातीत काहीतरी रेघोट्या ओढत होती. आता काढतील, मला वाटलं.

तेवढ्यात तिने मान वर केली. आधी डावीकडच्या लोकांकडे बघितलं, मग उजवीकडच्या. मग यांना शोधलं. उठून उभी राहिली, फ्रॉक झटकला, सगळे दात दिसतील असं तोंड पसरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "आजोबा, मी हसले! काढा!"

ती तशीच उभी राहिली. गाल थरथरायला लागले तरी तोंड मिटेना. हे डोळ्यावरचा कॅमेरा काढेनात. मी शेजारीच उभी होते.

"झालं का आजोबा?"

"झालं," हे म्हणाले.

बटण दाबल्याचा आवाज मला आला नव्हता.